जेरोनिमो कैदेत, चेहरा सिगारेटच्या पाकिटात

मे १८८८ मध्ये अपाची योद्धा जेरोनिमो याला अमेरिकी लष्कराने फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्स किल्ल्यातून हलवून अलाबामातल्या माउंट व्हर्नन छावणीत नेलं. तो युद्धकैदी होता. दोन वर्षांपूर्वी त्याला पकडण्यासाठी सुमारे ५,००० सैनिक रानोमाळ हिंडले होते आणि शेवटी ४ सप्टेंबर १८८६ रोजी त्याने शरणागती पत्करली होती. ज्या वर्षी त्याची ही रवानगी झाली, त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ॲलन अँड गिंटर या कंपनीने आपल्या सिगारेटच्या पाकिटांत एक नवी चित्रमालिका घातली. नाव 'सेलिब्रेटेड अमेरिकन इंडियन चीफ्स', म्हणजे नामांकित मूलनिवासी सरदार. एकूण पन्नास कार्डं. त्यात एक जेरोनिमो.

सरकारच्या लेखी जो खतरनाक कैदी, तोच दुकानदाराच्या लेखी माल खपवणारा चेहरा. हे एकाच वर्षी, एकाच देशात कसं जमलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. 'वर्णद्वेष' असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येतं आणि ते खोटंही नाही. पण तेवढ्याने धंदा कसा चालला ते कळत नाही, आणि मला तो भाग जास्त बोलका वाटतो.

आधी पुठ्ठ्याबद्दल. त्या काळची सिगारेटची पाकिटं मऊ असत. आतल्या सिगारेटी दबू नयेत म्हणून कोरा पुठ्ठा घालत. कोरा पुठ्ठा घालायचाच आहे, तर त्यावर चित्र छापून गिऱ्हाईक बांधून का घेऊ नये, ही पुढची पायरी. हे कार्ड साधारण दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच उंच असे. छपाई दगडावरची, म्हणजे लिथोग्राफी. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि गालावरची सावली किंवा कपाळावरची सुरकुती बारीक ठिपक्यांनी उठवलेली. कंपनीची बरीचशी कार्डं न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लॉस या छापखान्यात तयार होत. कामात कुठे कंजुषी नाही. आजही भिंगाखाली पाहिलं तर ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ आहेत. घरात भिंतीवर एकही रंगीत चित्र नसलेल्या माणसाच्या हातात पाच-दहा सेंटांत असं काही पडत होतं, हे विसरून चालणार नाही.

एवढा खर्च परवडायचं कारण १८८०च्या दशकातली मारामारी. सिगारेटी तोवर हाताने वळल्या जात. ॲलन अँड गिंटरच्या रिचमंडच्या कारखान्यात शेकडो मुली हेच काम करत. हात चांगला बसलेली मुलगी दिवसाला दोन-तीन हजार सिगारेटी वळे. कंपनीने सिगारेट वळणारं यंत्र करणाऱ्याला ७५,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियाच्याच तरुणाने यंत्र केलं आणि १८८१ मध्ये पेटंटही मिळवलं. ते दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी ओकत असे. पण कंपनीने ते आजमावून बाजूला ठेवलं आणि उत्तर कॅरोलायनाच्या जेम्स ड्यूकने उचललं. १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने हजार सिगारेटींवरचा कर पावणेदोन डॉलरवरून अर्ध्या डॉलरवर आणला. ड्यूकने लगेच दहाचं पाकीट पाच सेंटांना विकायला काढलं. आता माल भरमसाट आणि चवीत फारसा फरक नाही. मग फरक दाखवायचा कशात? पाकिटातल्या चित्रात. किनी, गुडविन, किंबल, ड्यूक, ॲलन अँड गिंटर, सगळेच कार्डांच्या मागे लागले.

विषय कुठलाही चाले. ॲलन अँड गिंटरने पक्षी काढले, मासे काढले, देशोदेशीचे झेंडे काढले, शस्त्रं काढली, वर्तमानपत्रांचे संपादकसुद्धा काढले. (संपादकाचं चित्र मिळावं म्हणून सिगारेट ओढणारा वाचक आज शोधून सापडायचा नाही.) ऐतिहासिक व्यक्ती मात्र हमखास चालत, कारण त्यांत मालिका पुरी करण्याची ओढ जास्त. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पन्नासही नावांची यादी छापलेली. चीफ जोसेफ हाती लागला की सिटिंग बुल राहिलाय हे मागेच दिसे. ही यादी हीच खरी जाहिरात. समोरचा चेहरा नुसता आमिष. वर कूपनं साठवून कंपनीकडून छापील अल्बमही मागवता येई.

आता ही पन्नास नावं बघू. जेरोनिमो, सिटिंग बुल, चीफ जोसेफ, गॉल, रेन-इन-द-फेस, स्पॉटेड टेल, ब्लॅक हॉक, केओकक ही नावं तेव्हा वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत होती. पण त्यांच्याच ओळीत ऑलवेज रायडिंग, ॲगेट ॲरो पॉइंट, नून डे, जॉन यलो फ्लॉवर असेही लोक आहेत. 'नामांकित' म्हणावं असं त्यांचं नाव तेव्हाही झालेलं नव्हतं. काळाचाही मेळ नाही. ब्लॅक हॉक १८३८ मध्ये वारला, केओकक १८४८ मध्ये, स्पॉटेड टेलचा १८८१ मध्ये खून झाला. बाकीचे कितीतरी हयात होते. मग पन्नास निवडले कसे?

माझं म्हणणं असं की निवड कीर्तीवर झालीच नाही, ती झाली हाताशी असलेल्या चित्रांवर. एकोणिसाव्या शतकात मूलनिवासी टोळ्यांची शिष्टमंडळं करारमदारांसाठी वॉशिंग्टनला येत, आणि तिथे आले की त्यांना स्टुडिओत नेऊन फोटो काढण्याचा रिवाज होता. चार्ल्स बेलसारख्या फोटोग्राफरांचा त्यात हातखंडा होता. आधीच्या पिढीतल्यांची रंगवलेली चित्रं होती, ज्यांच्या छापील प्रती १८३०-४०च्या दशकांत निघाल्या होत्या. म्हणजे जो वाटाघाटीला आला, जो कॅमेऱ्यासमोर बसला किंवा चित्रकाराच्या हाती लागला, त्याचाच चेहरा पुढे रिचमंडला पाठवता येणार. जो आलाच नाही, त्याचा कुठून येणार?

याचा सगळ्यात मोठा पुरावा यादीत नाही, यादीबाहेर आहे. सू टोळीचा योद्धा क्रेझी हॉर्स. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर याची तुकडी कापून काढणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या दोघा-तिघांत येतं. पन्नासांत तो नाही. त्याने कधी फोटो काढू दिला नाही, आणि त्याचा म्हणून खात्रीने सांगता येईल असा फोटो आजवर मिळालेला नाही. कंपनीच्या कचेरीत काय बोलणं झालं ते सांगणारा कागद माझ्यापुढे नाही, त्यामुळे हा तर्कच. पण क्रेझी हॉर्स वगळून जॉन यलो फ्लॉवरला घेण्याचं दुसरं पटेल असं कारण मला सुचत नाही.

यातून एक विचित्र गोष्ट होते. कार्डावर सगळे सारखे. शरण गेलेला, न गेलेला, मेलेला, करारावर सही केलेला, न केलेला, सगळ्यांना तेवढाच चौकोन, तसाच रंग. आणि पाठीवर नुसती नावांची यादी. कोण कुठे लढला, कशासाठी लढला, एक ओळ नाही.

याच्याशेजारी त्याच १८८८ सालची ड्यूकची मालिका ठेवा. ड्यूकने अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या सेनापतींच्या पन्नास छोट्या पुस्तिका काढल्या, प्रत्येकीत त्या त्या सेनापतीचं चरित्र. ॲलन अँड गिंटरच्या १८८६च्या 'ग्रेट जनरल्स'मध्ये उत्तरेचा ग्रँट आणि दक्षिणेचा ली दोघेही शेजारी आहेत. कंपनीचा मालक लुइस गिंटर हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, पण युद्धात दक्षिणेकडून रसदखात्यात मेजर झालेला माणूस. त्याला उत्तरेतही सिगारेटी विकायच्या होत्या. वीस वर्षांपूर्वी एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन बाजू त्याने एका मालिकेत बसवल्या, आणि ते खपलं, कारण दोन्ही बाजूंचे लोक गिऱ्हाईक होते. सरदारांच्या मालिकेत तशी दुसरी बाजूच नव्हती. ज्यांचे चेहरे होते ते गिऱ्हाइकांत धरलेलेच नव्हते, त्यामुळे कुणाला दुखवण्याचा प्रश्न आला नाही.

१८८८च्या उन्हाळ्यात ही माणसं काय करत होती ते पाहिलं की कार्डावरची शांतता जास्त खटकते. डकोटातल्या स्टँडिंग रॉक इथे सरकारचा आयोग आला होता. सू टोळीच्या मोठ्या राखीव प्रदेशाचे तुकडे करून उरलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना द्यायची होती. १८६८च्या करारानुसार त्याला तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागत. भाव देऊ केला एकराला पन्नास सेंट, म्हणजे ड्यूकच्या हिशेबाने दहा पाकिटं सिगारेट. सिटिंग बुलचा याला कडवा विरोध होता, आणि वाटाघाटीत पुढे होऊन नकार देणाऱ्यांत गॉल आणि जॉन ग्रास होते. तिघेही पन्नासांत आहेत. आयोग हात हलवत परत गेला.

पुढच्या वर्षी सरकार दुसरा आयोग घेऊन आलं. भाव पहिल्या तीन वर्षांसाठी सव्वा डॉलर, सोबत दबाव आणि फोडाफोडी. यावेळी ग्रास आणि गॉल यांनी सह्या केल्या, सिटिंग बुलने नाही. सुमारे ९० लाख एकर गेली. १५ डिसेंबर १८९० रोजी सिटिंग बुलला अटक करायला आलेल्या मूलनिवासी पोलिसांनीच त्याला गोळ्या घातल्या, आणि दोन आठवड्यांनी, २९ डिसेंबरला, वुंडेड नी इथे लष्कराने सू लोकांची कत्तल केली. कार्डं काढून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कुणाच्या तरी टेबलाच्या खणात ती तिन्ही चित्रं एका दोऱ्यात बांधलेली असणार.

पण हा चेहरा तंबाखूच खपवायला का? यामागे जुनी सवय होती. तंबाखू हे मूळ याच लोकांचं पीक, त्यांच्या विधींतलं पवित्र द्रव्य. युरोपात तंबाखू गेली तेव्हा दुकानाबाहेर पिसं लावलेल्या 'इंडियन'ची लाकडी मूर्ती ठेवायची पद्धत सतराव्या शतकातच पडली, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तंबाखूच्या दुकानांसमोर असे पुरुषभर उंचीचे पुतळे सर्रास उभे असत. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं की इथे तंबाखू मिळते. कार्डाने त्या पुतळ्याला नाव दिलं आणि खिशात मावेल एवढं केलं. दुसरं म्हणजे घोडेस्वारी, नेमबाजी आणि मूलनिवासी माणसं दाखवणारे बफेलो बिलचे तमाशे. १८८७ मध्ये तो लंडनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपला खेळ घेऊन गेला, आणि सोबतच्या रेड शर्ट या सू पुढाऱ्याला भेटायला ब्रिटनचा माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन आला. रेड शर्टही आपल्या पन्नासांत आहे. बफेलो बिल स्वतः ॲलन अँड गिंटरच्याच जगज्जेत्यांच्या मालिकेत नेमबाज म्हणून झळकला, ॲनी ओकलीसोबत. मालक एका मालिकेत, त्याच्याकडे काम करणारे दुसऱ्या मालिकेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपले चेहरे विकले जातात हे या माणसांना कळत नव्हतं, अशा भोळ्या समजुतीत राहू नये. सिटिंग बुल १८८५ मध्ये चार महिने बफेलो बिलच्या खेळात होता, आठवड्याला ५० डॉलर पगारावर. त्याने करारात कलम घालून घेतलं होतं की आपले फोटो आणि सह्या विकण्याचा हक्क आपला. जेरोनिमोही कमी नव्हता. फोर्ट पिकन्सला असताना त्याला पाहायला पेन्साकोलाहून बोटी भरून लोक येत. पुढे १९०४च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात तो फोटो पंचवीस सेंटांना विकी. त्यातले दहा सेंट त्याला मिळत, आणि सही केली तर तिचे दहा, पंधरा, पंचवीस जे येतील ते सगळे त्याचे. कोटाची बटणंसुद्धा तो विकत असे. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत त्याला घोड्यावर बसवून मिरवलं. ॲरिझोनाला घरी जाऊ द्या, ही त्याची विनंती मात्र रूझवेल्टने नाकारली. १७ फेब्रुवारी १९०९ रोजी तो वारला, तोवर युद्धकैदीच होता.

म्हणजे चेहऱ्याचा भाव त्यांना चांगला ठाऊक होता. सिगारेटच्या कार्डावर तो मागायला जागा नव्हती, एवढंच. खरं तर तेव्हा अमेरिकेत तशी जागा गोऱ्यांनाही नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲबिगेल रॉबरसन या तरुण मुलीचा फोटो एका पिठाच्या गिरणीने न विचारता जाहिरातीत छापला, २५,००० प्रती. ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एका मताने हरली. लोक इतके खवळले की १९०३ मध्ये विधिमंडळाला कायदा करावा लागला : हयात व्यक्तीचं नाव वा चित्र तिच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीत वापरता येणार नाही. एका मुलीसाठी वर्षाच्या आत कायदा झाला. आपल्या पन्नासांतल्या बहुतेकांना देशाचं नागरिकत्वही नव्हतं. सर्व मूलनिवाशांना ते मिळालं १९२४ मध्ये.

धंद्याच्या बाजूने ही गोष्ट लवकर संपली. जानेवारी १८९० मध्ये ड्यूकने वर सांगितलेल्या पाचही कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच उरली नाही, तर चित्रं कशाला? कार्डं हळूहळू बंद पडली आणि ती पुन्हा जोरात आली ती १९०९च्या सुमारास, बेसबॉल खेळाडू घेऊन. त्यातला होनस वॅग्नर याने आपलं कार्ड थांबवायला लावलं आणि त्यामुळेच ते आज लाखो डॉलरला जातं. खेळाडूला नाही म्हणता येत होतं.

कार्डं टिकली ती जेफरसन बर्डिक या माणसामुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा हा कारखान्यातला कामगार, संधिवाताने बोटं आखडलेली. त्याने तीन लाखांहून अधिक छापील चिठोरे जमवले, त्यांची सूची केली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकले. तिथे बसून अल्बममध्ये चिकटवायचं काम त्याने जानेवारी १९६३ मध्ये पुरं केलं आणि दोनेक महिन्यांत तो गेला. त्याच्या सूचीत एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'एन' हे अक्षर आहे. ॲलन अँड गिंटरच्या मालिका त्याने इंग्रजी वर्णानुक्रमे लावल्या, म्हणून संपादक एन-१, सरदार एन-२, शस्त्रं एन-३, पक्षी एन-४. संग्राहक आजही 'एन-टू' एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. २००६ पासून टॉप्स कंपनी ॲलन अँड गिंटर याच नावाने त्याच धाटणीची नवी कार्डं काढते. आत सिगारेट नसते.

आता पन्नासांत नसलेल्या क्रेझी हॉर्सकडे परत येऊ, कारण त्यालाही शेवटी सोडलं नाहीच. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कंपनीने त्याच्या नावाने बिअर काढली. बाटलीवर पिसांचा मुकुट घातलेला कुणीतरी, कारण खरा चेहरा कुणाकडेच नव्हता. दारूने ज्या समाजाची धूळधाण केली, त्याच्याच पूर्वजाचं नाव दारूवर. वंशजांनी वर्षानुवर्षं खटला लढवला. २००१ मध्ये बिअर गाळणाऱ्या कंपनीच्या वारसदार कंपनीने साउथ डकोटातल्या रोझबडला येऊन जाहीर माफी मागितली आणि भरपाई दिली ती अशी : ३२ ब्लँकेटं, ३२ वेण्या सुगंधी गवताच्या, ३२ पिळे तंबाखूचे आणि ७ शर्यतीचे घोडे.

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारं एक प्रकरण घडलं. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची संभाजी बिडी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ओढली गेली. शिवप्रेमी संघटनांनी आंदोलन लावून धरल्यावर कंपनीने नाव बदलून साबळे बिडी केलं. वरवर दोन्ही तक्रारी सारख्या दिसतात, पण त्यांची जात वेगळी आहे. इथे राजाचं नाव थोटकासोबत पायदळी येतं, हा आक्षेप होता. तो मानाचा प्रश्न होता, आणि बिडी ओढणारे, विकणारे, आंदोलन करणारे सगळे त्या राजाला आपला मानणारेच. म्हणून तो बाजारातल्या बाजारात, गिऱ्हाइकाच्या दबावाने सुटला. रोझबडच्या लोकांचा न्यूयॉर्कच्या बिअरबाजारावर काहीच जोर नव्हता, त्यांना कोर्टाचा रस्ता धरावा लागला. १८८८च्या पन्नासांपुढे यातलं काहीच नव्हतं.